नायिकेला सांगावं लागू दे

स्वतः ॲन्झायटी किंवा डिप्रेशनमधून गेलेल्या, किंवा अजून जात असलेल्या, नवीन प्रेमकथा लेखकांसाठी हे लिहितेय. संवाद कसे लिहायचे, भाग कुठे तोडायचा हे तुम्हाला येतं असं धरून चालते.

आधी कडू तेवढं सांगून टाकते. आजार ऐन भरात असताना त्यावर कथा लिहू नका. डायरी खुशाल लिहा. जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाने 1986 साली छापलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं मनात सलणारं कागदावर काढलं होतं. त्याचा उपयोग होतो, पण तो लिहिणाऱ्याला. तीच पानं उचलून नायिकेच्या तोंडी घातली की वाचकाला नुसती धाप लागते.

आता मी जिथे अडकले ते. माझ्या नायिकेला लोकलच्या जनरल डब्यात पॅनिक अटॅक येतो. दादरला लोंढा आत घुसतो, तिच्या बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, आपण आता इथेच मरणार अशी खात्री वाटते. हे सगळं माझंच, त्यामुळे झकास उतरलं. मग नायकाने तिचा हात धरला आणि दोन ओळींत सगळं शांत! वाचकांनी बदाम पाठवले. पुढच्या भागात तिची झोप उडालीय हे त्याला नुसत्या 'हॅलो'वरून कळलं. त्यानंतर तिचं रडणं, न जेवणं, सगळंच त्याला आपोआप कळायला लागलं. आणि थोड्याच भागांत माझ्याकडे लिहायला काही उरलं नाही.

कारण तो माणूस नव्हताच. माझ्या वाईट दिवसांत कुणीतरी न सांगता ओळखावं असं मला वाटत होतं, ते काम मी त्याच्याकडून करून घेत होते. त्याला स्वतःला काय हवंय, नोकरीत काय चाललंय, वडिलांशी का बोलत नाही, याचा पत्ताच नाही. प्रेमकथेत दोघांना एकमेकांकडून काहीतरी हवं असतं आणि मागायची चोरी असते. न मागताच मिळालं तर पुढचं पान कशाला उलटायचं?

म्हणून त्याला चुकू द्या. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग आपला आपण ओसरतो. त्या वेळी अंगाला कुणी हात लावलेला अनेकांना सहनही होत नाही. तर त्याने हात धरावा, तिने झटकावा, आजूबाजूच्यांनी त्याच्याकडे संशयाने बघावं, त्याचा चेहरा पडावा. मग गाडीतून उतरल्यावर तिला सांगावं लागतं. हा खरा प्रेमप्रसंग.

गोळ्यांचंही तसंच. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, सुरुवातीला मळमळतं, आणि अनेकांची शरीरसंबंधाची इच्छा कमी होते. शेवटची गोष्ट आपल्या प्रेमकथांमध्ये कुणी लिहीतच नाही! पर्समधली पट्टी बघून तो विचारतो, "ॲसिडिटी?" ती म्हणते, "हो." या एका 'हो'वर तीन भाग निघतात.

दुःखाशिवाय लेखणीला धार येत नाही, असं सांगणारे ज्येष्ठ भेटतील. त्यांना चहा पाजा आणि घरी या. त्यांच्या नादाने गोळ्या मनाने बंद करू नका. अचानक सोडल्या की चक्कर, चिडचिड, डोक्यात झिणझिण्या असं काहीही होऊ शकतं. कमी करायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच. गोळ्या चालू असताना लिहिता येतं. हेसुद्धा तसंच लिहितेय. एखादा आठवडा ओळ सुचणार नाही, त्याने काही बिघडत नाही.

तुमच्या जुन्या जोडीदाराचा आजार मात्र तुमचा कच्चा माल नाही. गाव आणि व्यवसाय बदलला तरी ओळखणारे ओळखतात.

भाग चालला की रात्री-बेरात्री मेसेज येतील, "मलाही असंच होतं." वाचून आतून हलायला होतं. तुम्ही समुपदेशक नाही, दोन ओळींत आपुलकीने उत्तर द्या आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर पाठवा. ही सरकारी सेवा 2022 पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. साधा मेसेज असेल तर सकाळी उत्तर दिलं तरी चालतं. जीव द्यायची भाषा असेल तर नंबर तेव्हाच पाठवा, आणि जवळ कोण आहे ते विचारा.