लिव्हरच्या ट्रायलमध्ये काम करायचंय? आधी ‘उपाशी’ आणि ‘उपास’ वेगळे करा

बी.फार्म. झाल्यावर मी एका हॉस्पिटलच्या गॅस्ट्रो विभागात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून लागले, त्याला सहा वर्षं झाली. या कामात येऊ पाहणारी मुलं बहुतेक वेळा कोर्सबद्दल विचारतात. जीसीपीचं, म्हणजे माणसांवरच्या चाचण्या नीट कशा करायच्या त्या नियमांचं, प्रशिक्षण हवंच, त्याशिवाय कुणी फाइलला हात लावू देत नाही. पण खरं काम बोलण्यात आणि नोंदीत आहे, आणि ते मी चुकत शिकले.

पहिल्या वर्षी फॅटी लिव्हरच्या एका अभ्यासात एका काकांचा फायब्रोस्कॅन होता. लिव्हर किती कडक झालंय ते यात किलोपास्कलमध्ये मोजतात. त्याआधी निदान तीन तास पोटात काही नको, कारण खाल्ल्यावर लिव्हरकडे जाणारं रक्त वाढतं आणि आकडा फुगतो. मी फोनवर सांगितलं होतं, “काका, उपाशीपोटी या.” स्कॅन झाला, आकडा आला १२.४. मागच्या वेळी ९ च्या आत होता. पोटात गोळाच आला माझ्या. विचारलं, सकाळपासून काही खाल्लंत का?

“नाही ताई, आज संकष्टी. उपासच आहे. खिचडी खाल्ली थोडी, आणि चहा.”

वाटीभर साबुदाणा, भरपूर दाण्याचं कूट, तासाभरापूर्वी. काकांनी माझं म्हणणं अगदी मनापासून पाळलं होतं. मीच नीट सांगितलं नव्हतं.

सिनियर मॅडमनी आधी एकच बजावलं, तो आकडा खोडायचा नाही. आहे तसा ठेवायचा, शेजारी कारण लिहायचं, तारीख घालून सही करायची, प्रोटोकॉल डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीपासून झालेली चूक, म्हणून कळवायचं आणि काकांना पुन्हा बोलवायचं. दोन दिवसांनी खरोखरच रिकाम्या पोटी ८.९ आला. तेव्हापासून माझं वाक्य ठरलेलं आहे: “रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी. चहा नाही, फळ नाही, उपासाचंही काही नाही.”

एका आकड्याचं एवढं काय, असं वाटेल. फॅटी लिव्हरमध्ये सूज येऊन व्रण पडायला लागतात त्या आजाराला आता मॅश म्हणतात, आधी नॅश म्हणत. त्यावरचं रेस्मेटिरॉम हे औषध अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीएने मार्च २०२४ मध्ये मंजूर केलं, तिथलं या आजारावरचं ते पहिलंच. त्यामागच्या अभ्यासात ९६६ रुग्ण होते आणि ५२ आठवड्यांनी पुन्हा बायोप्सी केली, म्हणजे लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासला. १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी २५.९ टक्के लोकांचे व्रण निदान एका पायरीने कमी झाले. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, घेणाऱ्यांतही १४.२ टक्के लोकांचे झाले! औषधाचं श्रेय म्हणजे मधला साधारण बारा टक्क्यांचा फरक. शंभर केंद्रांवर शंभर जणींनी माझ्यासारखं ढिलं सांगितलं तर एवढा फरक सहज बुडून जाईल.

नवीन येणाऱ्यांना मी मात्र आधी अटायर या ब्रिटनमधल्या अभ्यासाचा पेपर वाचायला देते. २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सिऱ्हॉसिसच्या (व्रणांनी लिव्हर पार कडक झालेल्या) दाखल रुग्णांचं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, कमी आलं की बाटल्या चढवायच्या, ही वॉर्डातली जुनी सवय. अटायरने ७७७ रुग्णांत ती तपासली. एका गटाला रोज अल्ब्युमिन देऊन पातळी लिटरला ३० ग्रॅमपर्यंत न्यायची, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. जंतुसंसर्ग, किडनी बिघडणं किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी घडलेले एका गटात २९.७ टक्के, दुसऱ्यात ३०.२. म्हणजे फायदा नाही. (पोटातलं पाणी काढताना देतात ते अल्ब्युमिन वेगळं, त्याचा इथे संबंध नाही.) महागडी बाटली विकत आणायला धावणारे नातेवाईक मी पाहिलेत, म्हणून ‘फायदा नाही’ हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडच्या ट्रायल सीटीआरआय या भारताच्या सरकारी नोंदणीत कुणालाही मोफत पाहता येतात. मुलाखतीआधी लिव्हरच्या दोन-तीन उघडून कोणाला घेतात, कोणाला वगळतात एवढं वाचा. गंभीर प्रतिकूल घटना २४ तासांत कळवायची असते, हे तर पाठच हवं.

आणि संमतीपत्र. त्यातल्या ‘यादृच्छिक पद्धतीने’वर पेशंट हमखास अडतात. मी सांगते, चिठ्ठ्या टाकल्यासारखं, कोणती गोळी मिळेल ते ना तुम्ही ठरवणार ना डॉक्टर. सिऱ्हॉसिसमध्ये कधी कधी माणूस गोंधळलेला असतो, तारीख सांगता येत नाही. अशा वेळी त्याची सही घ्यायची घाई करू नका. आधी डॉक्टरांना सांगा.

मागच्या महिन्यात एका काकूंनी विचारलं, “म्हणजे वर्षभर खोटी गोळी खायची वेळ येऊ शकते?” मी म्हटलं, हो, येऊ शकते. कागद घरी न्या, मुलीला दाखवा. चार दिवसांनी येऊन त्या नको म्हणाल्या. स्क्रीनिंग लॉगमध्ये, म्हणजे अभ्यासासाठी विचारलेल्यांच्या यादीत, ‘संमती दिली नाही’ असं लिहिलं आणि त्यांना ओपीडीची पुढची तारीख दिली.