फराळाचं तेल आणि ओरांगउटानचं जंगल

ओरांगउटान हा मोठा वानर राहतो बोर्निओ-सुमात्रा बेटांवर. पुण्याचा त्याच्याशी संबंध येतो तेलाच्या डब्यातून. पामतेलाच्या आयातीत भारत जगात पहिला. ओरांगउटानच्या दोन बाळंतपणांत 7 ते 9 वर्षं जातात, त्यामुळे तेलताडाच्या (पामतेल देणाऱ्या झाडाच्या) लागवडीसाठी जंगल तुटून घटलेली संख्या भरून येत नाही. 2017 मध्ये वेगळी जात ठरलेले तापानुली ओरांगउटान 800 पेक्षा कमी उरलेत.

आधी पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. जो घटक वजनाने जास्त, तो यादीत आधी. नुसतं 'पाम' शोधू नका. पामोलिन, पाम कर्नल (बीचं तेल) हेही त्याच झाडाचं. 'वनस्पती' म्हणून मिळणाऱ्या तुपातही बहुधा पामच असतं, आणि साबणावर ते 'सोडियम पामेट' होतं. सुट्या फरसाणाच्या दुकानात "पामतेल वापरता का?" विचारलंत तर "छे, पामोलिन!" असं उत्तर येऊ शकतं. (पामोलिन म्हणजे पामतेलाचाच पातळ भाग.) त्यापेक्षा तळणीच्या तेलाचा डबा दाखवायला सांगा.

घरच्या चकलीला शेंगदाणा तेल घ्या. करडईचं तेल चांगलं, पण साठवणीच्या फराळाला नको, लवकर खवट होतं. चार वाट्या भाजणीला पाव वाटी कडकडीत मोहन पुरतं. जास्त झालं की चकली तेलात विरघळते. शेंगदाणा तेल गार झाल्यावरही पातळच राहतं, म्हणून चकल्या चाळणीत उभ्या ठेवून निथळा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. करंजीच्या साट्याला वनस्पतीऐवजी साजूक तूप चालतं, पण गार करून फेटलेलं. पातळ तुपाने पदर सुटत नाहीत.

सरसकट बहिष्कार मात्र आम्हाला पटत नाही. तेलताड एका हेक्टरात सोयाबीनच्या कितीतरी पट तेल देतो. सगळे सोयाबीनकडे वळले तर जमीन उलट जास्तच लागेल. म्हणून बेकरी, कॅन्टीन, सोसायटीची फराळाची ऑर्डर अशा मोठ्या खरेदीत आरएसपीओ (शाश्वत पामतेलाला प्रमाणपत्र देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) प्रमाणित तेल मागा. त्यांच्या 2018 च्या निकषांत जंगलतोड आणि पीट जमिनीवरची नवी लागवड बंद आहे. पीट म्हणजे दलदलीतला कुजका थर. चर खणून तो सुकवला की पेटतो. 2015 मध्ये इंडोनेशियात तसाच पेटला होता.

आरएसपीओच्या शिक्क्याखालचा शब्दही बघा. 'मिक्स्ड' म्हणजे प्रमाणित तेलात साधं तेल मिसळलेलं. 'क्रेडिट्स' म्हणजे पैसा प्रमाणित बागायतदाराला, डब्यात तेल कुठलंही. शिक्क्याजवळ परवाना क्रमांक असतो, तो आरएसपीओच्या संकेतस्थळावर तपासता येतो. क्रमांकच नसेल तर तो शिक्का खरा धरू नका.