पडून असलेल्या डिझेल इंजिनाला अल्टरनेटर जोडताना

आमच्या तासगाव भागात जुन्या मळ्यांत अजून एखादं पाच एचपीचं डिझेल इंजिन विहिरीच्या कडेला ताडपत्रीखाली सापडतं. विजेची मोटार आली आणि त्याचं काम संपलं. आता लाईट गेली की माणसं माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानात येऊन विचारतात, "याला किती केव्हीएचा अल्टरनेटर बसेल?" (अल्टरनेटर म्हणजे इंजिनाने फिरवून वीज तयार करणारं यंत्र, आणि केव्हीए हे त्याच्या क्षमतेचं माप.) मी आधी इंजिनाचे आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, विचारतो, आणि लोड टाकल्यावर ते किती घसरतात हे विचारतो. केव्हीएचा प्रश्न त्यानंतरचा.

आरपीएमवरच हर्ट्झ, म्हणजे विजेची वारंवारता, ठरतात. चार पोलच्या (चार चुंबकीय ध्रुवांच्या) अल्टरनेटरला ५० हर्ट्झसाठी १५०० आरपीएम लागतात, दोन पोलच्याला ३०००. शेतावरच्या इंजिनाला चार पोलचाच घ्या. किर्लोस्कर एव्ही-१ सारखं इंजिन मुळातच १५०० चं आहे, ते कपलिंगने थेट जोडता येतं. राजकोटकडची लिस्टर पद्धतीची, मोठ्या चाकांची इंजिनं ६५० ला चालतात, त्यांना पट्टाच हवा. पट्ट्याची कटकट नको म्हणून ६५० चं इंजिन पळवायचा विचार मनातसुद्धा आणू नका. चाकातला ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. १५०० ला तो पाचपटीच्या वर जातो आणि बिडाचं चाक फुटतं. ते फुटल्यावर समोरचा माणूस वाचत नाही.

पुलीचा हिशेब सोपा आहे. इंजिनाचे आरपीएम गुणिले इंजिनाची पुली, भागिले अल्टरनेटरची पुली. ६५० ला ३५० मिमीची पुली इंजिनावर आणि १५० मिमीची अल्टरनेटरवर बसवली तर १५१६ येतात. पट्टा थोडा सरकतो, तो धरून १५०० च्या आसपास राहतात. बी सेक्शनचे दोन पट्टे लावा आणि दोन्ही एकाच वेळी नवे घ्या. अल्टरनेटर मात्र दोन बेअरिंगचाच हवा. एका बेअरिंगचा हेड (अल्टरनेटरलाच आम्ही हेड म्हणतो) इंजिनाला थेट बोल्ट करण्यासाठी असतो, पट्ट्याची आडवी ओढ त्याला सोसत नाही.

आता ताकद. पाच एचपी म्हणजे शाफ्टवर सुमारे ३.७ किलोवॅट. पट्ट्यात पाच टक्के गेले की साडेतीन उरतात. लहान सिंगल फेज अल्टरनेटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर हातात २.८ किलोवॅट येतात. जुनं इंजिन तेवढंही सतत देत नाही, म्हणून मी अडीच किलोवॅटच्या वर लोड टाकू देत नाही. एका किलोवॅटला दोन एचपी हा गॅरेजवाल्यांचा ठोकताळा यातूनच आलेला आहे. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या उंचीवर हवा विरळ असते, तिथे अजून दहा टक्के वजा करा.

पण हेड अडीच किलोवॅटचा घेऊ नका. इंजिन किलोवॅट वाहतं, हेड अँपिअर वाहतो, आणि मोटार सुरू होताना अँपिअरच उसळतात. एक एचपीची मोनोब्लॉक मोटार चालताना सात अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट मागते. म्हणून पाच एचपीच्या इंजिनाला मी पाच केव्हीएचा हेड सुचवतो. मोटार आधी सुरू करायची, फ्रिज आणि पंखे नंतर. त्याहून मोठा हेड घेण्यात मात्र अर्थ नाही. त्याला फिरवण्यातच डिझेल जातं.

उलटी जोडीही वाईट. दहा एचपीच्या इंजिनावर घरचे चार दिवे आणि एक टीव्ही चालवला तर इंजिन तापतच नाही, डिझेल नीट जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळं तेल गळू लागतं. लोड निदान तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असावा. त्यामुळे घराची यादी करून बेरीज आधी करा, जोडी नंतर.

हेड विकत घेण्याआधी गव्हर्नर, म्हणजे लोडप्रमाणे डिझेल कमी-जास्त करून वेग सांभाळणारा भाग, तपासाच. मिळेल तसा लोड द्या, विहिरीचा पंप जोडलेला असेल तर उत्तम, आणि आरपीएम मोजणारा टॅकोमीटर धरा. चांगला गव्हर्नर रिकाम्या इंजिनापासून पूर्ण लोडपर्यंत चार-पाच टक्के घसरतो. म्हणजे रिकामं १५७० ठेवलं तर भरल्यावर १५०० च्या जवळ राहतं. आठ-दहा टक्के घसरत असेल तर स्प्रिंग, पिना आणि डिझेल पंपाच्या रॅकची हालचाल पाहून घ्या. पंपाला ती घसरण चालत होती, फ्रिजला चालणार नाही.

व्होल्टेज कमी दिसलं की रेस वाढवायची, ही सवय मला सगळ्यात जास्त खटकते. आधी हर्ट्झ ५० च्या आसपास आणा, मग व्होल्टेज हेडच्या एव्हीआरवर (व्होल्टेज आपोआप सांभाळणाऱ्या कार्डावर) किंवा रिओस्टॅटवर २३० ला लावा. हा क्रम उलटा झाला की मोटारी जळून माझ्याकडे येतात. अनेक वर्षं पडून असलेला हेड व्होल्टेजच देत नसेल तर लगेच रिवाइंडिंगला देऊ नका. बहुधा त्यातलं चुंबकत्व गेलेलं असतं. इंजिन बंद ठेवून, अधिक-उण्याच्या खुणा पाहून, ब्रशवर १२ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावा. त्याआधी डायोड आणि एव्हीआर सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) इन्सुलेशन पाहा. एक मेगाओहमच्या खाली असेल तर आत बल्ब लावून हेड सुकवा.

थेट जोडणीत इंजिन आणि हेड एकाच चॅनलच्या फ्रेमवर हवेत, आणि दोन्ही शाफ्ट डायल गेजवर सरळ केलेले हवेत. रबरी कपलिंग आहे म्हणून वाकडेपणा चालतो असं नाही, रबर आधी जातं आणि मागून बेअरिंग. एका सिलिंडरच्या इंजिनावर दिवे थोडे लुकलुकणारच: ६५० ला सेकंदाला पाच-साडेपाच ठोके, १५०० ला साडेबारा. जड चाक आणि घट्ट पट्टा एवढाच त्यावर इलाज.

घराच्या वायरिंगला जोडताना फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा दोन पोलचा चेंजओव्हर स्विच घालाच, नुसता प्लग उलटा खुपसू नका. तुमची वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून हाय टेन्शन होते आणि खांबावर काम करणारा वायरमन जिवाला मुकतो. वाइंडिंगचं एक टोक न्यूट्रल म्हणून बॉडीसकट अर्थिंगला बांधा, नाहीतर ईएलसीबी (वीज गळाली की तोडणारा स्विच) कामच करत नाही. एमसीबी २० अँपिअरचा. सायलेन्सरचा पाइप खोलीबाहेर आणि खिडकीपासून दूर काढा.

पहिल्या तासानंतर इंजिन थांबवून नव्या पट्ट्यांचा ताण पुन्हा बघा. ते हमखास सैल झालेले असतात.