अमेरिकेतील लैंगिक गुन्हेगारांची सार्वजनिक नोंदवही कशी तपासावी

अमेरिकेत लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांची नोंदवही प्रत्येक राज्य स्वतःच्या कायद्यानुसार ठेवते; २००६ च्या संघीय कायद्याने केवळ किमान निकष घालून दिले असून, त्यात गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार १५ वर्षे, २५ वर्षे किंवा आजन्म नोंदणी सांगितली आहे.

शोधाची सुरुवात न्याय विभागाच्या राष्ट्रीय संकेतस्थळावरून करावी, कारण तेथे एकदा नाव टाकले की अनेक राज्यांच्या नोंदी एकत्र तपासता येतात. सविस्तर माहितीसाठी मात्र संबंधित राज्याचीच नोंदवही उघडावी. नामसाधर्म्य फार फसवे असते, म्हणून छायाचित्र आणि वय जुळल्याखेरीज कोणताही निष्कर्ष काढू नये. शिवाय या माहितीच्या आधारे कोणाला धमकावल्यास खटला होऊ शकतो. काही राज्ये कमी धोक्याच्या समजल्या जाणाऱ्या नोंदी जाहीरच करत नाहीत, त्यामुळे नाव न सापडणे हा निर्दोषत्वाचा पुरावा मानता येत नाही.