कागदाच्या लगद्याचं उठावचित्र: घाई करायची नसते ती वाळवताना

प्रदर्शनात लगद्याचं काम भिंतीवर लागलं की बघणारे जवळ येतात आणि विचारतात, "हे प्लास्टर आहे का?" कागद आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "घरी जमेल?" जमेल. दोन फूट बाय दीड फुटाचं उठावचित्र बाल्कनीत नक्की होतं. फक्त जागोजागी मिळणारा तो सल्ला विसरा: वर्तमानपत्र भिजवा, मिक्सरमधून काढा, फेव्हिकॉल ओता, कडक उन्हात ठेवा. यातला मिक्सर तेवढा अर्धा खरा आहे. बाकी तिन्ही गोष्टी काम बिघडवतात.

लगदा

वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून केलेला असतो. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे धागे एकत्र धरून ठेवणारं द्रव्य, उजेडात पिवळं, मग तपकिरी पडतं. शाळेच्या प्रकल्पाला तो चालेल, कुणी विकत घेऊन घरात लावणार असेल तर नाही. पेशवे दफ्तरातले जुन्नरी आणि दौलताबादी कागद अडीचशे वर्षांनंतरही वाचता येतात, कारण ते चिंध्या आणि तागासारख्या चिवट धाग्यांचे आहेत. आपल्यालाही सुती धागाच हवा. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेत होजिअरीच्या कात्रणांपासून कागद करतात. तुमच्या जवळपास असा कारखाना असेल तर ओला लगदा मिळतो का, ते जाऊन विचारा.

तो मिळाला नाही तर जलरंगाच्या शंभर टक्के सुती कागदाचे तुकडे घ्या. या आकाराला साधारण अर्धा किलो लागतात. नखाएवढे फाडून रात्रभर भिजवा आणि मूठभर तुकड्यांना भरपूर पाणी घालून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. मिक्सर इथे चालतो, कारण हा धागा कारखान्यात आधीच कुटलेला असतो, आपल्याला तो फक्त मोकळा करायचा असतो. कच्च्या चिंध्या मिक्सरमध्ये घालू नका. मिक्सरचं पातं धागा कापतं, कुटत नाही. मलमलीवर गाळा. गाळलेलं पाणी मोरीत ओतू नका, धागे नळीत साचून ती तुंबते. ते झाडांना घाला.

आता फेव्हिकॉल. धागे वाळताना एकमेकांना स्वतःच धरतात, कागद म्हणजे तेच. गोंद घातला की लगदा साच्याला चिकटतो आणि वाळल्यावर प्लास्टिकसारखा दिसतो. मेथीची पूडही नको. आजीच्या लगद्याच्या टोपलीत मेथी घालायचे ते कीड लागू नये म्हणून, आणि ते योग्यच होतं. पण पांढऱ्या कामाला ती पिवळी झाक देते. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट रॉशेनबर्ग १९७५ मध्ये अहमदाबादला गांधींच्या आश्रमाच्या कागद कारखान्यात काम करायला आला, तेव्हा त्यानं वापरलेल्या मिश्रणात लगद्यासोबत मेथी, चिंचोक्याची पूड, खडू, डिंक आणि मोरचूद होतं, हा दाखला मला नेहमी दिला जातो. पण तो लिंपायचा चिखल होता, साच्यात दाबायचा कागद नव्हे. आपल्या लगद्यात चमचाभर कॅल्शियम कार्बोनेट पुरे, पुढे आम्लापासून संरक्षण मिळतं.

साचा

मातीत उठाव करा आणि त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून साचा घ्या. आत वळलेल्या खाचा ठेवू नका, कागद तिथे अडकतो. साचा पूर्ण कोरडा होऊ द्या आणि त्यावर चपडा (लाखेचा लेप) लावू नका, प्लास्टरनं पाणी प्यायला हवं.

बंगालचे शिल्पकार आणि मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांनी १९७०च्या दशकात 'जखमा' ही मालिका अशाच मार्गानं केली. मातीच्या सपाटीवर घाव, त्यावरून सिमेंटचा साचा आणि त्यात दाबलेला पांढरा लगदा. लगद्याचं काम करायचं असेल तर ती प्रत्यक्ष बघायची संधी सोडू नका. रंग जवळजवळ नाहीच, सगळं काम सावली करते.

दाबणं आणि वाळवणं

मी सगळ्यात जास्त कामं इथे घालवली.

माझं पहिलं मोठं काम एका समूह प्रदर्शनासाठी होतं. जुलै महिना, हातात पाच दिवस. साच्यावर सरळ पंखा लावला. चौथ्या दिवशी हाताला कोरडं लागलं म्हणून काढलं. समोरून सुंदर होतं. गॅलरीत लावलं आणि संध्याकाळपर्यंत दोन कोपरे भिंतीपासून दोन इंच पुढे आले. मधोमध, जिथे लगद्याचे दोन गोळे जोडले होते, तिथे केसाएवढी भेग होती, ती दुसऱ्या दिवशी बोटभर झाली. काम उतरवावं लागलं. पुढची दोन वर्षं मी वेगवेगळे गोंद घालून हेच दुरुस्त करायला बघत होते. दोष गोंदाचा नव्हताच.

पाणी बाहेर जाताना धागे जवळ ओढले जातात आणि सगळा कागद आकसतो. लगदा जितका जास्त कुटलेला, तितका जास्त आकसतो. पातळ भाग आधी वाळून ओढतो, जाड भाग मागाहून ओढतो, आणि या दोघांच्या सीमेवर भेग पडते. कडांना दोन बाजूंनी हवा लागते म्हणून त्या सर्वात आधी वाळून वर उचलतात. म्हणजे काम एकच आहे: सगळा कागद एकाच वेगानं वाळला पाहिजे.

त्यासाठी जाडी सगळीकडे सारखी ठेवा, चार-पाच मिलिमीटर. साच्यात लगद्याचे तळहाताएवढे थर लावा आणि प्रत्येक थराची कड आधीच्या थरावर दोन बोटं चढवा, दोन्ही ओले असतानाच. चहाला उठायचं असेल तर कड ओल्या फडक्यानं झाकून उठा. वाळू लागलेल्या कडेला नवा लगदा कधीही नीट धरत नाही. मग स्पंज: दाबा, पिळा, पुन्हा दाबा. स्पंजला पाणी येईनासं झालं की जुना टॉवेल घालून तळहाताचा भार देत सगळीकडून दाबा. मी यात तासभर घालवते. इथे काढलेलं पाणी पुढे तुम्हाला छळत नाही.

नंतर कडांवर ओल्या कापडाच्या पट्ट्या ठेवा आणि त्यांवर लाकडी पट्ट्यांचं वजन. मधला भाग कडांच्या बरोबरीला आला की कापड काढा, लाकूड राहू द्या. सावलीत ठेवा. पंखा हवाच असेल तर भिंतीकडे तोंड करून. उन्हात अजिबात नको.

झालं की नाही, हे बोटाला कळत नाही. गालाला कळतं. गार लागलं तर आत पाणी आहे. शिवाय कामाबरोबरच त्याच लगद्याची, त्याच जाडीची एक चकती प्लास्टरच्या तुकड्यावर वाळत घाला आणि तिचं रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. सलग दोन दिवस वजन तेच आलं की चकती वाळली. कामाला त्यापुढे आणखी दोन दिवस द्या. पुण्यात एप्रिलमध्ये मला आठवडा लागतो. पावसाळ्यात मी मोठं काम घेत नाही, बुरशी धरते, आणि प्रदर्शनाची तारीख आली म्हणून हवा कोरडी होत नाही.

बाकीची माध्यमं

कापड लगद्यात बसवायचं असेल तर आधी भिजवून घ्या, नाहीतर ते आणि कागद वेगवेगळे आकसतात. खिळे आणि लोखंडी तार ओल्या लगद्यात घालू नका, गंज पसरतो. दोऱ्याचं टाक्याचं काम वाळल्यावरच. रंग हवा असेल तर लगद्यातच रंगद्रव्य मिसळलेलं मला आवडतं. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीनं १९७८ मध्ये जलतरण तलावांची मालिका रंगीत लगद्यानंच केली. वरून ब्रशनं द्यायचा असेल तर आधी जिलेटिनचा पातळ हात फिरवा, नाहीतर कागद रंग शोषून मळकट दिसतो.

भिंतीवर

मागच्या पुठ्ठ्याला चारही बाजूंनी चिकटवू नका. हवेतल्या ओलाव्यानं कागद फुगतो आणि आकसतो, त्याला जागा लागते. वरच्या कडेला कागदाच्या पट्ट्यांनी टांगा. काच लावलीत तर ती कागदाला टेकता कामा नये. मुंबईत भिंतीला ओल असतेच, म्हणून चौकटीमागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावा.

आणि लोक हात लावतात. पाटी लावली तरी लावतात, कारण डोळ्यांना हा कागद वाटत नाही. मी ती वजनाची चकती दोऱ्यानं कामाशेजारी टांगते आणि खाली लिहिते, "हिला हात लावा."