डेटा सायन्स शिकवताना खेळाची साधने: गुण नेमके कशाचे?

नागपुरात धरमपेठेतील एका वर्गात मी डेटा सायन्स शिकवतो. वाणिज्य शाखेचे पदवीधर येतात, तसेच हिंगण्याच्या कारखान्यातली पाळी संपवून येणारेही असतात. अशा थकलेल्या वर्गाला खेळाच्या अंगाने शिकवणारी ऑनलाइन साधने जागे ठेवतात. मात्र त्या साधनात गुण नेमके कशाचे मिळतात, हे नव्या शिक्षकाने आधी तपासलेच पाहिजे.

कहूट या ऑनलाइन प्रश्नमंजुषेच्या साधनावर झटपट दिलेल्या बरोबर उत्तराला 1000 पर्यंत गुण मिळतात आणि वेळ संपत आल्यावर तेच उत्तर दिले, तर ते निम्म्यावर येतात. व्याख्यांच्या उजळणीला हे चालते. पण पगाराच्या आकड्यांसाठी सरासरी घ्यावी की मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा), असे विचारले की विचार करणाराच मागे पडतो. म्हणून अशा प्रश्नांना मी वेळ वाढवतो, गुण बंद ठेवतो आणि कारण तोंडी विचारतो.

सर्वाधिक वेळ मी कॅगल या डेटा सायन्स स्पर्धांच्या संकेतस्थळावरील, बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरच्या स्पर्धेला देतो. 891 प्रवाशांच्या नोंदींवरून उरलेल्या 418 जणांपैकी कोण वाचले असेल, हे तिथे सांगायचे असते. संगणक सुरू करण्याआधी प्रत्येकाने आपला नियम वहीत लिहायचा. ‘स्त्रिया वाचल्या, पुरुष दगावले’ एवढ्या एका ओळीलाही सुमारे 76.5 टक्के अचूकता मिळते, कारण त्या 891 नोंदींतील सुमारे 74 टक्के स्त्रिया वाचल्या होत्या आणि पुरुष मात्र जेमतेम 19 टक्के. हा आकडा हाती असला की पुढचे अवघड मॉडेल, म्हणजे अंदाज बांधणारे संगणकीय सूत्र, खरोखर काही अधिक सांगते का, हे ताडून पाहता येते. मग 177 प्रवाशांच्या वयाच्या रिकाम्या जागी काय भरावे, यावर वर्ग मनापासून वाद घालतो, आणि मला तोच सर्वांत मोलाचा तास वाटतो.

गुणतक्त्याच्या माथ्यावरील 100 टक्क्यांकडे मात्र पाहू नये. प्रवाशांची नावे दिलेली असल्याने उत्तरे जुन्या नोंदींत सापडतात.

त्यानंतर ॲगमार्कनेट या शेतमालाच्या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावरून नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्यांचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव उतरवून घ्यावेत. इथे तयार उत्तर नसते, म्हणून मी अंदाजाला गुण देत नाही. भाव एकाएकी दुप्पट दिसला, तर ती नोंदीतली चूक आहे की आवक घटली, हे त्या दिवसांची आवक पाहून जो पटवून देईल, त्याला गुण मिळतात.