मॉली पिकॉनचे सिनेमे बघायचेत? मग या क्रमाने बघा

अमेरिकन ज्यू नटी मॉली पिकॉन म्हटलं की बहुतेकांना 'फिडलर ऑन द रूफ'मधली लग्नं जुळवणारी येंटे आठवते, म्हणजे १९७१ची, सत्तरी ओलांडलेली मॉली. प्लीज तिथून सुरवात करू नका. तोवर बाईंची स्टेजवर साठ-पासष्ट वर्षं झाली होती, आणि त्या दोन-चार सीनवरून तिची खरी ताकद कळणारच नाही.

आधी थोडी माहिती डोक्यात असू द्या. जन्म १८९८, न्यूयॉर्क. आई फिलाडेल्फियाच्या यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) थिएटरमध्ये नटनट्यांचे कपडे शिवायची, पोरगी पाचव्या वर्षीच स्टेजवर. १९१९ला जेकब कालिचशी लग्न केलं, तोच पुढे तिचा लेखक, दिग्दर्शक, मॅनेजर सगळं, आणि तोच तिला युरोपात घेऊन गेला, यिडिश पक्की करायला आणि नाव कमवायला. परत आल्यावर न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यूवर म्हणजे यिडिश नाटकांच्या गल्लीत ती स्टार झाली. उंची पाच फुटाच्या आतच, त्यामुळे 'यांकेले' नाटकात खोडकर पोराचं काम तिने वर्षानुवर्षं केलं आणि लोकांना ते खरं वाटायचं.

आता पहिला सिनेमा लावा 'यिडल मितन फिडल', १९३६. पोलंडमध्ये शूट झालाय. घर गेलेले बाप-लेक, ती मुलाचे कपडे घालून फिडल म्हणजे व्हायोलिन घेऊन बापासोबत गावोगाव वाजवत फिरते. पहिल्यांदा गवताच्या गाडीवरचं गाणं आवाज बंद करून बघा, खरंच बघा! मान, खांदे, भुवया, सगळं तालात चाललेलं दिसतं, सबटायटल वाचत बसलात तर हेच निसटतं. तेव्हा ती ३८ वर्षांची होती. मग लग्नाच्या सीनला घाई करू नका. त्यात काझिमिएश गावचे खरेखुरे ज्यू लोक आहेत, पुढच्या पाच-सहा वर्षांत नाझींनी तिथली अख्खी ज्यू वस्ती संपवली. मी तो सीन दरवेळी थांबवून चेहरे बघतो.

दुसरा 'मामेले', १९३८. आई गेलेल्या घरात सगळ्यांचं करणारी मुलगी. यात एका गाण्यात ती आजी होते, तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत वय वाढत जातं तशी चाल बदलते, फक्त पाय बघा. नट व्हायचं असेल तर एवढाच तुकडा घेऊन आरशासमोर करून बघा, कुठल्याही वर्कशॉपपेक्षा जास्त मिळेल.

मग मागे जा, १९२३चा मूकपट 'ईस्ट अँड वेस्ट', व्हिएन्नात केलेला. योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र दिवशीच्या उपासाला सगळे प्रार्थनेत असताना ही अमेरिकन पोरगी हळूच स्वयंपाकघरात शिरून खाऊन टाकते, तो सीन चुकवू नका.

शोधताना सिनेमांच्या नावांची स्पेलिंगं वेगवेगळी टाकून बघा आणि शक्यतो ब्रँडाइस युनिव्हर्सिटीतल्या नॅशनल सेंटर फॉर ज्युइश फिल्मने रिस्टोअर केलेली प्रत घ्या.

इंग्रजी कामं शेवटी. १९६१चं ब्रॉडवेवरचं 'मिल्क अँड हनी' आता बघता येत नाही, गाण्यांची रेकॉर्ड ऐका. १९६३च्या 'कम ब्लो युअर हॉर्न'मध्ये ती फ्रँक सिनात्राची आई आहे. आणि त्यानंतर येंटे लावा, तिची मान आणि खांदे आता लगेच ओळखू येतील.